प्रत्येकीला एक पीस

माझी पिशवी मॅनेजरच्या हातात होती. कवा घेतली त्यानं, मला कळलंच न्हाय. मी तन्वीच्या सँडलचा पट्टा लावायला खाली वाकले होते, उठले तर खुर्चीवर पिशवी न्हाय, आन् समोर तो, आन् सगळ्या बायका माझ्याकडं बघत. हॉटेलातलं गाणं चालूच होतं. मी म्हणलं, "दादा, माझी हाय ती."

तो म्हणला, "माहितीय मॅडम. एक मिनिट." आन् त्यानं चेन ओढली.



पयल्यांदा पाण्याची बाटली काढली. मग तन्वीचा स्वेटर. मग कागदात गुंडाळलेला ब्रेडचा तुकडा, लसणाचा, सासूसाठी ठिवलेला. माझ्याच ताटातला, माझ्याच वाटणीचा, मी न खाता ठिवला होता. तो बी त्यानं टेबलावर मांडला. कोणतरी फिसकन् हासलं. मग तो लाल कपडा निघाला. त्यानं दोन बोटात धरून वर केला.

"हा बघा. एक कमी भरत होता."

आन् तन्वी म्हणली, मोठ्यानं, "मम्मी, ह्यो तर तुझा ब्लाऊजचा पीस हाय ना?"

मग सगळ्याच हासल्या.

कसं झालं ते सांगते. नववीतनं शाळा सुटली माझी, मला नीट लावून सांगता येत न्हाय, पण जे झालं ते सांगते.

मी बारामतीत राहते, एमआयडीसीच्या मागं, भाड्याच्या खोलीत. घरी ब्लाऊज शिवते. आमचे हे दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर हायत. तन्वी सात वर्षांची. सरकारची आरटीईची लॉटरी असती ना, गरिबाच्या पोरांना मोठ्या शाळेत फुकट घेत्यात ती, त्यात तन्वीचा नंबर लागला. शाळा इंग्लिश. सोडायला गेले की मी फाटकापासनं लांब उभी राहायचे, पाण्याच्या टाकीपाशी. बाकीच्या मम्म्या गाडीतनं उतरायच्या, घोळका करून बोलायच्या. वर्षभर माझ्याशी कोण बोललं न्हाय. मी बी कुणाशी बोलले न्हाय. काय बोलणार.

मग एक दिवस शीतल दिसली.

शीतल माझ्या गावची, कळंबची. पयलीपासनं नववीपर्यंत आमी एका वर्गात. त्यांचा ऊस, आन् माझी आई त्यांच्या उसात खुरपायला. माझं लगीन लावून दिलं, ती फुडं शिकली, तिला बँकेतला नवरा मिळाला. तिची पोरगी तन्वीच्याच वर्गात आली. तिनं मला टाकीपाशी बघितलं आन् म्हणली, "अगं तू? हितं?" बाकी सगळ्यांशी ती 'इथे' म्हणती. मला 'हितं' म्हणली. एवढ्यानंच मला लई बरं वाटलं.

तिनंच मला मम्म्यांच्या ग्रुपात घेतलं, फोनवरच्या. त्या ग्रुपात सगळं मृणालवहिनींच्या शब्दावर चालतं. त्यांचा ट्रॅक्टरचा शोरूम हाय, त्यांचे मालक शाळेच्या कमिटीवर, आन् गॅदरिंगचा डान्स वहिनी स्वतः बसवत्यात. यंदा डान्समधे तन्वीला घेतलं. चिमणी. दुसऱ्या रांगेत, पण घेतलं. तवापासनं आमच्या खोलीत दोन पायावर कोण सरळ चालतच न्हाय, सगळं उड्या मारत.

संक्रांतीनंतर वहिनींचा मेसेज आला. हळदीकुंकू हाय, पण घरी न्हाय, भिगवण रोडच्या नव्या इटालियन हॉटेलात, शनिवारी दुपारी, पोरांना घिऊन या, सगळं माझ्याकडनं.

सासू म्हणली, "आपण धम्म घेतलेली माणसं. आपल्यात हळदीकुंकू करत्यात व्हय? कशाला जातीस?"

मी म्हणलं, तन्वीसाठी. वहिनी डान्स बसवत्यात, न्हाय कसं म्हणू.

ते खरंच होतं. पण सगळं खरं न्हाय. मला बी जायचं होतं. मला असं कुणी बोलवलंच नव्हतं कवा.

हॉटेलचं दार काचेचं. मी ओढत होते, ते ढकलायचं होतं. आतनं शीतलनं उघडलं. आत गार, जानेवारीत बी एसी लावलेला. लांब टेबल, बारा-तेरा बायका, पोरं येगळ्या टेबलाला, पण तन्वी माझ्यापाशीच बसली. वहिनींनी सगळ्यांना कुंकू लावलं. मला बी लावलं. बोटानं. मी डोळं मिटून घेतलं होतं.

टेबलावर प्रत्येकीच्या फुडं रिकामं ताट, काचेसारखं चकचकीत, आन् त्यात लाल कपडा. पंख्यावानी घडी घालून उभा केलेला. वहिनी बसता बसता म्हणल्या, "लाजू नका गं कुणी. प्रत्येकीला एक पीस आहे. आधी तो घ्या, मग बाकीचं मागवू."

आता तुमीच सांगा. हळदीकुंकू. ताटात कपडा. आन् बोलवणारी म्हणती प्रत्येकीला एक पीस.

आमच्याकडं पीस म्हंजे ब्लाऊजपीस. दुसरा पीस न्हाय. मी तर दिवसभर पीसच कापते. लोक म्हणत्यात, हा पीस आणलाय, बुधवारपर्यंत शिवून द्या. हळदीकुंकवाला बोलवायचं आन् जाताना पीस द्यायचा, ही रीतच हाय, मोठ्या घरात तर हायच. मला काय माहीत पिझ्झ्याच्या तुकड्याला बी पीस म्हणत्यात.

मी तो कपडा उलगडून बघितला. खोटं कशाला बोलू, मला शंका आली होती. चारी बाजूनं कडा शिवलेल्या. पीसच्या कडा कोण शिवत न्हाय. आन् पन्ना बी कमी, मोठ्या बाईच्या अंगाला बसायचाच न्हाय, बाह्या तर सोडाच. पण मी मनात म्हणलं, मोठ्या लोकांचा पीस असंल, त्यांच्यात कडा शिवून देत असतील. तन्वीचं पोलकं होईल ह्यात. मग तो मी कपाळाला लावला आन् पिशवीत ठिवला.

शेजारची बाई फोनमधी होती. पण शीतल समोर होती. तिनं बघितलं. मी कपाळाला लावला तवा ती माझ्याकडं बघून हासली बी. मला वाटलं हिला बी बरं वाटलं. कारण तिला ठावं होतं ना मला एवढं बरं का वाटलं ते.

कळंबला तिच्या घरी हळदीकुंकू असायचं. माझ्या आईला बोलवायचे, न्हाय असं न्हाय. पण सगळ्यात शेवटी, सगळ्या बायका गेल्यावर, गोठ्याच्या बाजूच्या दारानं. शीतलची आई वरच्या पायरीवर, माझी आई खाली. आईनं पदर पसरायचा आन् वरनं पीस पडायचा. हाताला हात लागायचा न्हाय. पोपटी न्हायतर चॉकलेटी, जो कुणी घेतला नसंल तो रंग. आई म्हणायची, "लई दिलं आक्कासाब." मी आईला चिकटून, शीतल तिच्या आईला चिकटून. दोघींनी बघितलंय ते. दोघी आठ वर्षांच्या होतो.

आन् हितं माझ्या ताटात ठिवलेला. सगळ्यांचा जो रंग, तोच माझा.

मग खाणं आलं. पिझ्झा आला, सगळ्या "स्लाइस, स्लाइस" करत होत्या, तवा बी माझ्या डोक्यात आलं न्हाय. मग पांढऱ्या रश्श्यातलं काहीतरी आलं, नळ्या नळ्या. तन्वीनं इचारलं, "मम्मी, शेवयाला पिठलं का लावलंय?" सगळ्या हासल्या, पण ते हासणं चांगलं होतं. एक म्हणली, "बरोबर ओळखलंस गं, महागातलं पिठलं आहे हे." दुसरी म्हणली, "मी नाही खात, माझं सोमवारपासून डाएट आहे." तर तिसरी म्हणली, "कुठल्या वर्षीच्या सोमवारपासून?" मी बी हासले. तोंड पुसायला काय न्हाय म्हणून पदरानं पुसलं, मग वेटरनं कागद आणून दिला. मला वाटलं, किती साधी माणसं हायत ही, मी उगंच वर्षभर टाकीपाशी उभी राहिले.

मग उठायची येळ झाली, वेटर कपडे गोळा करायला लागला, आन् एक कमी भरला, माझ्या जागचा.

फुडचं सांगितलंच. आता त्याच्या फुडचं.

तन्वी बोलली आन् हासणं सुरू झालं. मी म्हणलं, "न्हाय वो, मला वाटलं पीस हाय, वहिनी म्हणल्या ना प्रत्येकीला एक पीस, म्हणून मी..."  एकजण म्हणली, "पिझ्झ्याचा पीस गं बाई. हा तोंड पुसायचा नॅपकिन आहे." आन् डोळ्यातनं पाणी येस्तोवर हासली. दुसरी हळू म्हणली, पण मला ऐकू आलं, "आरटीईवाले ना, असंच असतं." वहिनी म्हणल्या, "शू. मुलं आहेत."

मी शीतलकडं बघितलं.

एक वाक्य पायजे होतं. 'आमच्या गावाकडं हळदीकुंकवाला पीस देत्यात, तिला तसं वाटलं.' एवढंच. माझ्या तोंडात ते चोरीचं निमित्त वाटत होतं. तिच्या तोंडात ते खरं वाटलं असतं.

शीतल पर्समधी गाडीची चावी शोधत होती. चावी तिच्या हातातच होती.

मग वहिनी फुडं आल्या. मॅनेजरच्या हातनं कपडा घेतला आन् म्हणल्या, "राहू द्या हो. माझ्या बिलात लावा." माझी पिशवी टेबलावर उघडीच होती. त्यांनी तो कपडा वरनं आत सोडला. हातात दिला न्हाय. सोडला. "ने गं. माझ्याकडून वाण समज."

आन् मी काय म्हणले असंन?

मी म्हणले, "थँक्यू."

तो शब्द आठवला की अंगावर पाल पडल्यागत होतं. चोर म्हणल्याचं एवढं लागलं न्हाय. थँक्यूचं लागलं. माझ्या आईचं 'लई दिलं आक्कासाब' आन् माझं थँक्यू. मधी नुसती वर्षं गेली.

येताना आमी चालत आलो.  तन्वी उड्या मारत नव्हती. एमआयडीसीचं वळण आलं तवा म्हणली, "मम्मी, तू चोरलं व्हतं का?"

"न्हाय बाळा. मला वाटलं मला दिलंय."

"मग तो काका पिशवी का बघत होता?"

 मी म्हणलं, चल, पाय उचल.

संध्याकाळी ग्रुपात कुणीतरी लाल साडीचं चित्र टाकलं. खाली लिहिलं, प्रत्येकीला एक पीस. त्याखाली हासणारी तोंडं, एकाखाली एक. शीतलचं बी एक होतं.

आज रविवार. सकाळी मी तो कपडा धुतला, इस्त्री केली. घडी घातली तशीच, पंख्यावानी, जमली तेवढी. आन् हॉटेलात नेला. हॉटेल उघडायचं होतं, मॅनेजर टेबलं पुसत होता. मला बघून दचकला.

"हे घ्या तुमचं."

"अहो, ते मॅडमनी दिलंय तुमाला."

"मला नको."

त्यानं घेतला. मग इकडं तिकडं बघितलं, आत कोण न्हाय बघून हळू म्हणला, "ताई, बसा. पाणी घ्या." शनिवारी मॅडम, आज ताई. म्हणला, "मी नरसिंहपूरचा. मला तवाच कळलं होतं, तुमची पोरगी बोलली तवा. माझ्या आईनं बी हेच केलं असतं, तिनं तर वर नारळ कुठाय म्हणून इचारलं असतं. पण गिऱ्हाईकाच्या फुडं काय बोलणार? मोठं गिऱ्हाईक हाय ते."

तो चांगल्या मनानं बोलत होता. पण मी बसले न्हाय.

म्हंजे त्याला कळलं होतं.

शीतलला तर पयल्यापासनं ठावं होतं. आन् वहिनींना? त्यांच्या सासूच्या हळदीकुंकवाला काय लाडू वाटत्यात? त्या सगळ्या ह्याच मातीतल्या. कुणी माळेगावची, कुणी कोऱ्हाळ्याची, कुणी इंदापूरची. सगळ्यांच्या कपाटात पीसची चळत असती, मी शिवते ना, मला माहिती हाय. त्यातली एक बी अशी नव्हती जिला माझं म्हणणं कळलं न्हाय.

आजवर मला वाटायचं, मला बोलता येत न्हाय म्हणून लोकांना माझं कळत न्हाय. शिकले असते तर नीट सांगितलं असतं, मग कळलं असतं. तसं न्हाय. त्यांना कळतंय. कळतंय म्हणूनच हासत्यात. मी ज्या रीतीनं वागले ती रीत त्यांची बी हाय, हे कुणाला तितं म्हणायचं नव्हतं.

दुपारी शीतल आमच्या खोलीवर आली. पयल्यांदाच. सासूनं पाणी दिलं, ती म्हणली, "नको मावशी, आत्ताच पिऊन आलेय." तांब्या तसाच राहिला.

"वहिनी मनानं चांगल्या आहेत गं," ती म्हणली. "पण बाकीच्या ऐकत नाहीत. ग्रुपवर एक सॉरी टाक, विषय संपतो. नाहीतर उगाच ते डान्सचं..."

"डान्सचं काय?"

"ड्रेस मोजून आलेत. एक कमी पडतोय म्हणे."

तन्वी मशिनखाली बसली होती, चिंध्या येचत. तिचे हात थांबले.

मी म्हणलं, "शीतल, तुला ठावं होतं ना?"

"काय?"

"पीसचं."

तिनं दाराकडं बघितलं. मग गावाकडच्या बोलीत म्हणली, "ठावं होतं. पण मी बोलले असते तर त्यांनी इचारलं असतं, ही तुझी कोण लागती."

"मग वर्गातली म्हणायचं."

 तिनं माझा फोन मागून घेतला आन् त्यात इंग्लिशमधी लिहिलं, भराभर, दोन अंगठ्यांनी. "फक्त हा बाण दाब. रात्रीच्या आत. नुसतं सॉरी लिहिलंय." आन् गेली.

हे टेम्पोवरनं आले, त्यांना सांगितलं. म्हणले, "दाब की मग. सॉरीनं काय अंगाला भोकं पडत्यात व्हय? पोरीचं बघ." त्यांचं बी चूक न्हाय. शाळा गेली तर परत लॉटरी लागत न्हाय. कमिटी त्यांची, डान्स त्यांचा, फाटक त्यांचं. सासू म्हणली, "मी सांगितलं होतं जाऊ नको. आता गेलीयास तर वाकू नको." तिचं बी चूक न्हाय.

मी फोन धरून बसले. दाबणारच होते, खरं सांगते. अंगठा वर धरला होता. मग तन्वी मांडीवर यिऊन बसली आन् वाचायला लागली. तिला येतं वाचता, त्याच्याचसाठी तर घातली तिला तितं. बोट ठिवून एक एक शब्द.

"आय... ॲम... सॉरी. आय... टूक... द... नॅपकिन... विदाऊट... आस्किंग."

मी इचारलं, "म्हंजे काय गं?"

"सॉरी म्हंजे सॉरी. टूक म्हंजे घेतलं. विदाऊट म्हंजे बिगर." जरा थांबली. "आस्क म्हंजे इचारणं. बिगर इचारता घेतलं."

मग माझ्या तोंडाकडं बघत म्हणली, "पण तू तर म्हणलीस तुला दिलं होतं."

ती रडली न्हाय, ओरडली न्हाय. नुसती बघत होती. चिमणीचं काय, डान्समधनं काढलं तरी लहान पोरगी हाय, इसरंल. पण हे ती इसरणार न्हाय. आता मी बाण दाबला तर तिच्या आईनं चोरलं होतं, आन् तिच्या आईनंच लिहून दिलं होतं. तिनं स्वतः वाचलेलं.

मी ते पुसलं. मला सगळं एकदम पुसायचं येत न्हाय, एक एक अक्षर मागनं पुसलं.  तन्वी मोजत होती.

उद्या सोमवार. तालीम हाय. मी तिला घिऊन जाणार, आन् टाकीपाशी न्हाय, फाटकापाशी उभी राहणार. माफी मागायची न्हाय. समजावून बी सांगायचं न्हाय, ज्याला कळलंय त्याला काय समजावायचं. तिला काढायचं असंल तर माझ्या तोंडावर, तिच्या तोंडावर सांगा, का काढली. शब्दात सांगा. मी आयकणार हाय आन् तितनं हलणार न्हाय.

मला भ्या वाटतंय. हे लिहिताना बी. ह्यांनी अजून इचारलं न्हाय दाबला का म्हणून, आन् मी सांगितलं न्हाय. उद्या मी कायतरी करून बसंन आन् त्याची भरपाई पोरीला करावी लागंल, हे मला ठावं हाय. पण तुमच्या मांडीवर बसून तुमच्या लेकीनं बोट ठिवून ते वाचलं असतं, आन् मग तुमच्या तोंडाकडं तसं बघितलं असतं, तर तुमी काय केलं असतं?